सरत्या वर्षाचा हिशेब

पाठपरिचय : माणूस पैशांचा हिशेब ठेवतो, पण दिवसांचा हिशेब सहसा ठेवत नाही. धाराशिव जिल्ह्यातील तेर या प्राचीन गावी राहणाऱ्या एका शिक्षिकेच्या कुटुंबाने २०२३ या वर्षाच्या आरंभी काही संकल्प केले. वर्ष संपताना त्या संकल्पांचे काय झाले, ते लेखिकेने या पाठात सांगितले आहे.

‘हिशेब’ हा शब्द तुम्हांला वेगळा शिकवावा लागणार नाही. उर्दूतला ‘हिसाब’ तो हाच. जमा, खर्च, वसूल, बाकी, तारीख, साल हे शब्दही तुमच्या ओळखीचेच आहेत. ते मराठी माणसाच्या वहीत केव्हाच येऊन बसले आहेत. दुकानदार रात्री दुकान बंद करण्यापूर्वी हिशेब करतो. घरातील बाई महिनाअखेर दुधाचा हिशेब करते. उर्दूत आणखी एक सुंदर शब्द आहे, ‘मुहासबा’. माणसाने स्वतःच स्वतःचा घेतलेला हिशेब म्हणजे मुहासबा. मराठीत त्याला आत्मपरीक्षण म्हणतात.

आत्मपरीक्षणाचा विषय निघाला की आमच्या तेर गावात संत गोरोबाकाकांची आठवण निघते. गोरोबाकाका तेराव्या शतकात येथे होऊन गेले. ते कुंभार होते. तेरणा नदीच्या काठी त्यांची समाधी आहे. त्यांची एक गोष्ट महाराष्ट्रात घरोघरी सांगतात. एकदा संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईंनी गोरोबाकाकांचे थापटणे पाहिले आणि विचारले, “काका, हे काय?” काका म्हणाले, “याने मडके वाजवून पाहतो. पक्के कोणते आणि कच्चे कोणते, ते आवाजावरून कळते.” मुक्ताबाई म्हणाल्या, “मग आमचीही मडकी तपासून पाहा ना!” काकांनी थापटणे घेतले आणि ते एकेका संताच्या डोक्यावर हळूच मारीत चालले. सगळे शांत बसून राहिले. नामदेव मात्र रागावले. काका म्हणाले, “हे मडके अजून कच्चे आहे.”

गोष्ट येथे संपत नाही. नामदेवांच्या मनाला ते बोल लागले. ते विसोबा खेचरांकडे गेले आणि त्यांचे शिष्य झाले. पुढे त्यांची कीर्ती पंजाबपर्यंत पोहोचली. शिखांच्या गुरू ग्रंथसाहेबातही त्यांच्या रचनांना स्थान मिळाले. म्हणून लक्षात ठेवा, कच्चे मडके म्हणजे फुटके मडके नव्हे. ते पुन्हा आव्यात ठेवता येते.

पक्के भाजलेले मडके किती टिकते, हेही तेरमध्येच पाहायला मिळते. या गावाचे जुने नाव तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक भाषेतील प्रवासग्रंथात तगरचा उल्लेख आला आहे. येथील सुती कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जात असे. त्या काळातील मातीची भांडी, खेळणी, बाहुल्या आणि मणी येथील रामलिंगप्पा लामतुरे पुरातत्त्व संग्रहालयात ठेवले आहेत. ज्या हातांनी ती भांडी घडवली, त्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत. भांडी मात्र आजही आहेत.

आमच्या घरात आम्ही पाच माणसे. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही सगळे अम्मी म्हणतो. मुलांचे अब्बा शेती करतात. मी शाळेत मराठी शिकवते. मुलगी तेव्हा सातवीत होती आणि मुलगा दुसरीत. १ जानेवारी २०२३ रोजी आम्ही भिंतीवर नवी दिनदर्शिका लावली. तिच्या पहिल्या पानामागे कोरी जागा होती. मुलगी म्हणाली, “अम्मीजान, आपण सगळ्यांनी या वर्षी काय करायचे, ते इथे लिहून ठेवू या.” आम्ही एकेक ओळ सांगितली आणि तिने लिहिली.

मुलांच्या अब्बांनी सांगितले, “सोयाबीनच्या पैशांतून एक एकराला ठिबक बसवीन.” मुलगी म्हणाली, “हातात कागद न घेता शाळेत मराठीतून भाषण करीन.” मी म्हटले, “महिन्याला एक याप्रमाणे बारा मराठी पुस्तके वाचीन.” मुलाने खूप विचार केला आणि सांगितले, “वर्षभर पेन्सिल हरवणार नाही.” अम्मी मात्र काही बोलेनात. नातीने फारच आग्रह केला, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “बँकेत अंगठा लावताना फार लाज वाटते. मला माझं नाव लिहायला शिकायचंय.”

अम्मी कुरआन शरीफ रोज वाचतात. लहानपणी त्या वाचायला शिकल्या, पण त्यांच्या हातात लेखणी कोणी दिलीच नाही. त्यांच्यासारख्या स्त्रिया आपल्या भागात पुष्कळ आहेत. २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे ७८ टक्के होते. पंधरा वर्षांवरील निरक्षरांना शिकवण्यासाठी केंद्र शासनाने २०२२ ते २०२७ या काळासाठी नव भारत साक्षरता कार्यक्रम आखला आहे. आमच्या घरी मात्र तो वर्ग स्वयंपाकघराच्या दारातच सुरू झाला.

रोज संध्याकाळी मगरिबच्या नमाजनंतर अर्धा तास अम्मी पाटी घेऊन बसत. पहिली अडचण आली ती दिशेची. उर्दू आणि अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात, मराठी डावीकडून उजवीकडे. अम्मींचा हात आपोआप पाटीच्या उजव्या कडेला जाई. मग त्यांनी स्वतःच एक युक्ती काढली. त्या आधी शिरोरेषा ओढून घेत आणि मग तिला एकेक अक्षर टांगत. “दोरीवर कपडे वाळत घालावेत, तसं वाटतं,” असे म्हणून त्या हसत.

त्या वर्षी २२ मार्चला गुढीपाडवा झाला आणि २४ मार्चला पहिला रोजा आला. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात चैत्र वद्य त्रयोदशी होती. त्या तिथीला गोरोबाकाकांची पुण्यतिथी असते, म्हणून गावात यात्रा भरली होती. एका बाजूला टाळ-मृदंग चालू असत आणि आमच्याकडे इफ्तारची तयारी. रोज्यांच्या दिवसांतही अम्मींनी पाटी सोडली नाही. “रमजानमध्ये तर जास्तच शिकावं,” असे त्या म्हणत.

२९ जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या. राज्यातील अनेक गावांत मुस्लीम बांधवांनी त्या दिवशी फक्त नमाज अदा केली आणि कुर्बानी पुढे ढकलली. कुर्बानीसाठी तीन दिवस असतात. त्यामुळे सणही झाला आणि शेजाऱ्यांचा उपवासही सांभाळला गेला. आमच्या घरीही तसेच झाले.

त्या वर्षी मोसमी पाऊस उशिरा आला. जुलैमध्ये पेरण्या झाल्या. सोयाबीन तरारून वर आले आणि मुलांचे अब्बा ठिबकच्या नळ्यांचे भाव विचारून आले. मग ऑगस्ट आला आणि पाऊस गेला. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट महिना तो हाच. पीक फुलोऱ्यात होते, नेमके तेव्हाच पाणी नव्हते. पुढे पिवळा मोझॅक हा रोग पडला आणि हिरवी पाने हळदीसारखी पिवळी झाली. रोज संध्याकाळी ते शेतावरून येत, हातपाय धूत आणि काही न बोलता बसत. अम्मी तेव्हा पाटीवरून मान वर करीत आणि पुन्हा लिहू लागत.

त्याच ऑगस्टमध्ये मुलीची परीक्षा झाली. ती आता आठवीत गेली होती. पंधरा ऑगस्टला ती भाषणाला उभी राहिली. चार वाक्ये छान झाली आणि पाचवे आठवेना. ती खाली उतरली. घरी येऊन म्हणाली, “मला जमणार नाही. ‘ळ’ म्हणायला गेले की ‘ल’च येतो. त्यातच वाक्य विसरते.” अम्मी म्हणाल्या, “मग रोज माझ्यासमोर बोल. मी अक्षरं काढते, तू बोलत जा.” त्या दिवसापासून आमच्या अर्ध्या तासाच्या वर्गात दोन विद्यार्थिनी झाल्या. एक ‘काळ, वेळ, बाळ, फळ’ असे मोठ्याने म्हणे. दुसरी पाटीवर शिरोरेषा ओढी.

२३ ऑगस्टला सायंकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चंद्रयान-३ चंद्रावर उतरले. गल्लीतली मुले आमच्या घरी दूरदर्शन संच पाहायला जमली होती. चार वर्षांपूर्वी, सप्टेंबर २०१९ मध्ये चंद्रयान-२ चे यान उतरताना कोसळले होते. शास्त्रज्ञांनी त्या अपयशाचा बारकाईने हिशेब केला. यानाचे पाय अधिक बळकट केले. इंधन वाढवले. उतरण्याची जागा अधिक विस्तृत ठेवली. कच्चे मडके पुन्हा आव्यात गेले आणि पक्के होऊन निघाले. दुसऱ्या दिवशी शाळेच्या परिपाठात मुलीने हीच हकिकत सांगितली. तिच्या हातात कागद नव्हता. दोन ठिकाणी ती अडखळली, पण थांबली नाही.

सप्टेंबरमध्ये थोडा पाऊस झाला. सोयाबीनचा उतारा फार कमी आला. आलेले पैसे बियाणे आणि घरखर्चातच गेले. जमिनीत जेवढी ओल उरली होती, तेवढ्यावर मुलांच्या अब्बांनी दोन एकर ज्वारी पेरली. ३१ ऑक्टोबर रोजी राज्य शासनाने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत आमचा धाराशिव तालुकाही होता. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले होते. ज्वारी, बाजरी ही धान्ये कमी पाण्यात येतात, असे त्या वर्षी सगळीकडे सांगितले जात होते. आमच्या भागातील शेतकऱ्यांना ते पूर्वीपासून ठाऊक होते.

नोव्हेंबरात एके दिवशी अम्मी मला म्हणाल्या, “उद्या बँकेत जाऊ.” बँकेत नमुना सहीचा कागद समोर आला. अम्मींनी ‘बिस्मिल्लाह’ म्हटले, लहानशी शिरोरेषा ओढली आणि तिला आपले नाव टांगले. शेवटचे अक्षर थोडे मोठे झाले आणि चौकटीबाहेर गेले. कागद परत देताना त्यांनी सवयीने अंगठ्याकडे पाहिले. त्याला शाई लागलेली नव्हती.

३१ डिसेंबरला रविवार होता. सगळे घरी होते. मुलीने दिनदर्शिका खाली काढली, पहिले पान उलटले आणि एकेक ओळ वाचू लागली. अम्मींनी स्वयंपाकघरातून लाटणे आणले. “हे माझं थापटणं,” असे म्हणून त्यांनी आधी नातीच्या डोक्यावर टकटक केले. “पक्कं!”

मग नातवाची पाळी आली. त्याने वर्षभरात नऊ पेन्सिली हरवल्या होत्या. “हे तर फुटकंच!” असे सगळे ओरडले. तो रडकुंडीला आला. तेव्हा अम्मींनी आपले पानदान उघडले. त्यात चार पेन्सिली होत्या! रात्री सगळे झोपल्यावर त्या कागदावर सही गिरवीत आणि पेन्सिल पानदानात ठेवून देत. नातवाला हे माहीत नव्हते आणि अम्मींनाही त्याच्या पेन्सिलींची मोजणी माहीत नव्हती.

मुलांचे अब्बा स्वतःच म्हणाले, “माझं कच्चं.” अम्मींनी लाटणे उचलले, पण मारले नाही. त्या म्हणाल्या, “मडक्याला नुसता विस्तव पुरत नाही. माती मळायला आधी पाणी लागतं. यंदा पाणीच नव्हतं, त्याला तू काय करणार? हात मात्र थांबले नाहीत तुझे. रानात ज्वारी उभी आहे.”

शेवटी माझी ओळ आली. बारा पुस्तकांपैकी सात वाचून झाली होती. मी म्हटले, “पाच बाकी. माझंही कच्चंच.” अम्मींनी मान हलवली. “संध्याकाळचा तो अर्धा तास तुझा वाचण्याचा होता. तू तो मला दिलास. तुझी पाच पुस्तकं कुठं गेली नाहीत. ती माझ्या सहीत आहेत.”

आम्ही सगळे गप्प झालो. मग मुलगी म्हणाली, “तर मग माझ्या भाषणातही दादीजानचा अर्धा तास आहे.” मुलगा म्हणाला, “आणि माझ्या चार पेन्सिली दादीजानच्या सहीत आहेत!”

विद्यार्थी मित्रांनो, घराचा हिशेब असा असतो. दुकानाच्या वहीत एका पानावर खर्च दिसला, की दुसऱ्या कुठल्यातरी पानावर तो जमा असतो. घरातही तसेच आहे. एकाचे अपुरे राहिलेले काम पुष्कळदा दुसऱ्याच्या पुऱ्या झालेल्या कामात सापडते. एकट्याचे पान पाहिले तर तोटा दिसतो. सगळी पाने एकत्र पाहिली, म्हणजे खरी शिल्लक कळते. तुम्ही पहिल्या वर्गात पास झालात, तेव्हा तुमच्या गुणपत्रिकेवर तुमचे एकट्याचे नाव असते. पण तुम्ही अभ्यास करीत असताना पाणी कोणी भरले, धाकट्या भावाला कोणी खेळवले, दिव्याजवळची जागा तुमच्यासाठी कोणी सोडली, हेही वर्षाच्या शेवटी आठवून पाहावे.

याचा अर्थ आपल्या कामात ढिलाई करून ती दुसऱ्याच्या नावावर टाकावी, असा नाही. संकल्प लिहून ठेवावा. तो लहान असावा आणि तपासता येईल असा असावा. ‘खूप अभ्यास करीन’ हे मडके वाजवून पाहता येत नाही; ‘रोज दहा नवे मराठी शब्द लिहीन’ हे वाजवून पाहता येते. वर्षअखेर कच्च्याला कच्चे म्हणायला लाजू नये आणि कच्च्याला फुटके म्हणण्याची घाईही करू नये.

हिशेबाच्या वहीत पान संपले, की खाली ‘पुढे चालू’ लिहितात आणि नव्या पानावर ‘मागील पानावरून’ असे लिहून सुरुवात करतात. २०२४ च्या दिनदर्शिकेच्या पहिल्या पानामागे मुलीने तसेच लिहिले : ‘मागील पानावरून : एक एकर ठिबक. पाच पुस्तके.’ त्याखाली एक नवी ओळ होती. तिचे हस्ताक्षर मुलीचे नव्हते. अक्षरे वाकडी होती, शिरोरेषा आधी ओढलेली होती आणि ओळीत दोनच शब्द होते : ‘बहिणीला पत्र’.

शब्दार्थ

संकल्प – इरादा, निश्चय
आत्मपरीक्षण – स्वतःचे गुणदोष स्वतः तपासणे
थापटणे – मडके ठोकून घडवण्याचे कुंभाराचे लाकडी साधन
आवा – मडकी भाजण्याची कुंभाराची भट्टी
ठिबक – नळ्यांतून थेंबथेंब पाणी देण्याची पद्धत
शिरोरेषा – मराठी अक्षरांच्या डोक्यावरील आडवी रेघ
उतारा – शेतातून मिळालेले उत्पन्न
ओल – जमिनीतील ओलावा
परिपाठ – शाळा सुरू होताना होणारा सामूहिक कार्यक्रम
शिल्लक – खर्च वजा जाता उरलेली रक्कम, बाकी

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) ‘मुहासबा’ या शब्दाला मराठीत काय म्हणतात?
(२) तेर गावाचे जुने नाव कोणते?
(३) अम्मींना बँकेत कशाची लाज वाटत असे?
(४) मुलाच्या चार पेन्सिली कोठे सापडल्या?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) मराठी लिहिताना अम्मींना कोणती अडचण आली? ती त्यांनी कशी दूर केली?
(२) मुलांच्या अब्बांचा संकल्प त्या वर्षी का पुरा झाला नाही?
(३) चंद्रयान-३ ची हकिकत लेखिकेने कच्च्या मडक्याशी का जोडली आहे?

प्र. ३. कोण, कोणास म्हणाले?
(१) “तुझी पाच पुस्तकं कुठं गेली नाहीत.”
(२) “मग आमचीही मडकी तपासून पाहा ना!”
(३) “मग रोज माझ्यासमोर बोल.”

प्र. ४. वाक्यांत उपयोग करा.
मनाला लागणे, मान हलवणे, रडकुंडीला येणे, पुढे ढकलणे.

भाषाभ्यास

(अ) पुढील जोड्या मोठ्याने वाचा. उच्चारातील आणि अर्थातील फरक सांगा.
काल – काळ, वेल – वेळ, मन – मण, बाल – बाळ.

(आ) उर्दूत ‘किताब’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे. मराठीत ‘पुस्तक’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे. म्हणून ‘ते पुस्तक’, ‘माझे पुस्तक’ असे म्हणतात. पाठातून आणखी चार नपुंसकलिंगी शब्द शोधून लिहा.

(इ) उर्दूत आणि मराठीत सारखे असलेले पाच शब्द पाठातून शोधा.

उपक्रम : घरातील प्रत्येकाला या वर्षीचा एक संकल्प विचारा आणि तो मराठीत लिहून ठेवा. वर्षअखेर सर्वांसमोर वाचून दाखवा. कोणाच्या कामात कोणाची मदत झाली, तेही त्याखाली लिहा.